साक्रीच्या वाटा आणि एक फाटलेला टायर

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा महामार्ग कुसुंबा आणि नेर ही गावे मागे टाकतो, शेवाळीच्या फाट्यावर निजामपूर-नंदुरबारकडे जाणाऱ्या वाहनांना निरोप देतो आणि साक्रीत शिरतो. या रस्त्याचा जुना क्रमांक ६. आता कागदोपत्री तो ५३ झाला आहे. क्रमांक बदलला तरी रस्त्याचे काम बदललेले नाही. नागपूर-जळगावकडचा माल सुरतेला आणि सुरतेचे कापड खानदेशाला हाच रस्ता पोहोचवतो. कान नदीच्या काठी वसलेले साक्री हे या वाटेवरचे तालुक्याचे गाव. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात साक्री नावाचा तालुका सापडत नाही, तेथे हा मुलूख पिंपळनेर या नावाने नोंदलेला आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा साक्री धुळे जिल्ह्यातच राहिले.

साक्रीहून वाटा फुटतात त्या स्वभावाने फार भिन्न आहेत. महामार्ग पश्चिमेस दहिवेलवरून कोंडाईबारीच्या घाटात उतरतो आणि विसरवाडी, नवापूर करीत गुजरातेत जातो. नैर्ऋत्येची वाट पांझरेकाठच्या पिंपळनेरास जाऊन पुढे सेलबारीची खिंड ओलांडते व ताहाराबादला पोहोचते. मांगीतुंगीच्या यात्रेस जाणारी खानदेशातील पुष्कळ कुटुंबे हीच वाट धरतात. उत्तरेस निजामपूर, त्याच्या अंगाला भामेरचा जुना किल्ला आणि ईशान्येस बळसाणे. बळसाण्यास श्री विमलनाथ भगवंतांचे तीर्थ आहे, आणि शेजारीच पुरातत्त्व खात्याने जपलेला प्राचीन मंदिरांचा समूहही आहे. एका तालुक्यात सपाट महामार्ग, घाट, खिंड, नदीपात्र आणि माळ असे सारेच असल्यामुळे येथील घरांत वाहनाची निवड विचाराने होते. शेतमालाची खरेदी करणाऱ्या अनेक व्यापाऱ्यांकडे म्हणूनच दारात एक साधी मोटार असते, आणि जमल्यास एक ‘फोर बाय फोर’ जीपही असते.

या जीपगाडीची खरी परीक्षा डांबर संपल्यावर होते. ब्राह्मणवेल आणि छडवेलच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. या कामांसाठी माळांवरून जे रस्ते निघाले, ते मुरुमाचे आणि दगडगोट्यांचे. शेतमालाचा सौदा ठरवण्यासाठी, विहिरीवरची मोटार पाहण्यासाठी, नाहीतर देखभालीच्या कंत्राटासाठी माणसे त्यांवरून रोज जातात.

आणि येथला दगड साधा नाही. धुळे-नंदुरबारचा हा पट्टा भूशास्त्राच्या अभ्यासकांना एका विशेषासाठी परिचित आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार लाव्ह्यातून घडत होते. त्या काळात जमिनीच्या लांबच लांब भेगांत वितळलेला खडक शिरला आणि तेथेच थिजला. भोवतालचा मऊ थर पावसापाण्याने झिजून गेला, आत थिजलेला कठीण खडक मात्र उरला. साक्री तालुक्यात फिरताना माळावर एखादी काळी टेकडी भिंतीसारखी सरळ रेषेत मैलोगणती धावताना दिसते, ती हीच. तिच्या अंगावरून सुटणारे दगड गोल होत नाहीत, फुटतात ते धारदार कडा घेऊनच. जीपच्या टायरची जमिनीवर टेकणारी नक्षी अशा कडेला बऱ्यापैकी तोंड देते, कारण तेथे रबर जाड असते आणि आत पोलादी तारांचे पट्टे असतात. टायरची बाजू मात्र पातळ असते. दोन दगडांच्या मधून चाक जाताना बाजूलाच पाते लागावे तसा काप बसतो.

अशा ठिकाणी हवा फुसकन निघून जाते, गाडी एका अंगाला बसते आणि शेतातून कोणीतरी विचारतो, “काय व्हयनं, भाऊ?” अहिराणीतला हा प्रश्न पुष्कळदा मदतीचा हात घेऊनच येतो. चाक बदलताना तो हात घ्यावा, पण शिस्त आपली असावी. उतारावर प्रथम चाकांखाली दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, गाडी चारही चाकांच्या जोरात व गिअरमध्ये ठेवावी. मुरूम मऊ असेल तर जॅकखाली फळी घालावी. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावेत आणि मगच गाडी उचलावी. महामार्गाच्या कडेला हा प्रसंग आला तर त्रिकोणी फलक बराच मागे ठेवून कुटुंबातील सर्वांना गाडीतून उतरवावे व रस्त्यापासून दूर उभे करावे. कोंडाईबारीच्या वळणांवर लादलेले ट्रक उतरत असतात. तेथे टायर वाचवण्यापेक्षा माणसे वाचवणे महत्त्वाचे; फुसक्या चाकावर थोडे रखडत जाऊन मोकळी जागा गाठावी, टायर गेला तरी चालेल.

स्टेपनी लावून गाडी साक्रीत येते आणि टायरच्या दुकानासमोर उभी राहते. खरा प्रश्न येथून सुरू होतो. नक्षीत घुसलेला खिळा असता तर आतून मश्रूम पॅच लावून काम भागले असते. बाजूचा काप किंवा बाजूला आलेला फुगा यांना इलाज नाही. तेथला धागा तुटलेला असतो, वरून रबर चिकटवले तरी भार घेणारी ताकद परत येत नाही. टायर बदलावाच लागतो. दुकानदार विचारतो, “शेठ, एकच टाकू की जोडी? का चारही?” साध्या मोटारीचा मालक या प्रश्नावर फार विचार करीत नाही. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीच्या मालकाने मात्र येथे हिशेब मांडला पाहिजे.

हिशेब सोपा आहे. थार या गाडीच्या एका प्रकारावर येणारे २४५/७५ आर १६ हे माप घ्यावे. २४५ ही टायरची मिलीमीटरमधील रुंदी, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, आणि आतील रिम १६ इंचांची. या आकड्यांवरून नव्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलीमीटर येतो, परीघ सुमारे २,४३१ मिलीमीटर. आता समजा, बाकीच्या टायरची नक्षी ५ मिलीमीटर झिजलेली आहे. झीज दोन्ही बाजूंनी धरावी लागते, म्हणून व्यास १० मिलीमीटरने घटतो आणि परीघ सुमारे २,४०० मिलीमीटर उरतो. फेऱ्यांत सांगायचे तर एका किलोमीटरला नवा टायर सुमारे ४११ वेळा फिरतो, जुना सुमारे ४१७ वेळा. हा पाच-सहा फेऱ्यांचा फरक दिसायला क्षुल्लक आहे. साक्री ते धुळे या पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या वाटेत तो तीनशे फेऱ्यांच्या आसपास जातो.

या तीनशे फेऱ्यांचे काय होते, हे गाडीच्या रचनेवर ठरते. एकाच धुरीवरील दोन चाकांत फरक असेल तर तो डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची जोडणी सोसते. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते तेव्हा हेच यंत्र उपयोगी पडते. पण ते वळणापुरते काम करण्यासाठी बनवलेले आहे. सरळ रस्त्यावरही त्याला अखंड फिरत ठेवले तर झीज वाढते, आणि घसरण रोखणाऱ्या पट्ट्यांचे डिफरन्शियल असेल तर त्या पट्ट्या आधी जातात.

पुढच्या आणि मागच्या धुरीची गोष्ट याहून अवघड आहे. थार, जिम्नी अशा गाड्यांत चालक स्वतः दांडा ओढून चारही चाकांना जोर देतो. दांडा ‘टू एच’वर असतो तोवर इंजिनाचा जोर मागच्याच चाकांना मिळतो. तो ‘फोर एच’ किंवा ‘फोर एल’वर गेला की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात, त्यांच्यामध्ये फरक सोसणारे काहीही नसते. मग टायरच्या मापातील फरक कोठे जायचा? मुरूम, वाळू, चिखल असेल तर एखादे चाक किंचित घसरते आणि ताण मोकळा होतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून ताण शाफ्टमध्ये आणि ट्रान्स्फर केसमध्ये साठत जातो. गाडी आखडल्यासारखी चालते, दांडा ‘टू एच’वर परत येत नाही. अनुभवी चालक अशा वेळी गाडी काही हात मागे घेतात, तेव्हा ताण सुटतो. प्रत्येक वेळी तो असा निमूटपणे सुटेलच असे नाही.

ज्या गाड्यांत चारही चाकांना कायम जोर असतो, त्यांना हा फरक सर्वांत कमी मानवतो. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांकडे सुबारू असते. त्या गाड्यांसाठी चार टायरच्या परिघांतील फरक पाव इंचाच्या, म्हणजे साधारण ६ मिलीमीटरच्या, आत ठेवण्यास सांगितले जाते. नक्षीच्या खोलीत मोजला तर हा फरक जेमतेम एक मिलीमीटर भरतो. तेथील काही दुकाने म्हणूनच नवा टायर यंत्रावर तासून जुन्या तिघांच्या मापाला आणून देतात. आपल्याकडे ही सोय सहसा मिळत नाही.

साक्री तालुक्यातील जुन्या शेतकऱ्याला हा सारा विषय समजावून सांगण्यास फार वेळ लागणार नाही. पांझरेच्या काठी काही शतकांपासून ‘फड’ नावाची सिंचनव्यवस्था चालत आली. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे, मग त्यात कितीही जणांचे तुकडे असोत. कारण पाटकरी पाणी सोडतो ते सबंध फडाला. एकाच्या वाफ्यात ऊस आणि शेजारी बाजरी असेल तर एकाचे पीक वाळेल नाहीतर दुसऱ्याचे कुजेल. पुढच्या वर्षी पिके फडांत फिरवली जात, म्हणजे कोणत्याही एका जमिनीवर कायमचा भार पडत नसे. धरणे व विहिरी वाढल्यावर ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणी मागे पडली, परंतु तिच्यातील शहाणपण टायरला जसेच्या तसे लागू आहे. एका जोरावर चालणारी चाके एका मापाची असावीत, आणि त्यांच्या जागा ठरलेल्या पाळीने फिरवाव्यात.

तेव्हा दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी नक्षीची खोली मोजावी. यासाठी लहानशी मोजपट्टी मिळते. बाकीचे टायर जवळजवळ नवे असतील, फरक एखाद्या मिलीमीटरचा असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, त्याच नक्षीचा एकच टायर टाकण्यास सहसा हरकत नाही. चारही टायर संपत आलेले असतील, नक्षीच्या खोबणीतील १.६ मिलीमीटर उंचीच्या खुणा रबराच्या बरोबरीला येऊ लागल्या असतील, तर चारही बदलणे हाच काटकसरीचा मार्ग होय. पेच मधल्या अवस्थेचा आहे आणि बहुतेकांचा टायर तेथेच फाटतो.

त्या अवस्थेचा जमाखर्च मांडून पाहावा. टायरची किंमत १०० धरली, नवी नक्षी १० मिलीमीटर आणि झीज ५ मिलीमीटर धरली, तर वापरण्याजोग्या ८.४ मिलीमीटरपैकी सुमारे ६० टक्के आयुष्य संपले, ४० टक्के शिल्लक आहे. चारही टायर बदलले तर खर्च ४००, आणि काढून ठेवलेल्या तीन चांगल्या टायरमध्ये अडकलेले १२० वेगळे. जोडी घेतली तर खर्च २००. पण याहून स्वस्त वाट अनेकदा गाडीच्या पाठीवरच लटकत असते. मूळ स्टेपनी पूर्ण मापाची, त्याच नक्षीची आणि कधीच न वापरलेली असेल, तर ती नव्याच टायरसारखी आहे. एक नवा टायर घ्यावा, स्टेपनीशी त्याची जोडी करावी, ती जोडी एका धुरीवर बसवावी, आणि त्या धुरीवरून निघालेला चांगला जुना टायर स्टेपनी म्हणून पाठीवर टांगावा. खर्च १००, वाया काही नाही. स्टेपनीचा रिम वेगळ्या प्रकारचा असेल तर टायर काढून दुसऱ्या रिमवर चढवता येतो.

मात्र स्टेपनी वापरली नाही म्हणून ती ताजी असतेच असे नाही. रबर बसून बसूनही कडक होते आणि खानदेशचा उन्हाळा ते लवकर करतो. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख कोरलेली असते. त्यांपैकी पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बाजूला बारीक भेगा पडलेल्या दिसल्या तर अशी स्टेपनी जोडीत घेऊ नये. नवा टायर घेतानाही हीच तारीख, भाराचा आकडा आणि आयएसआयची खूण पाहूनच पैसे द्यावेत. सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा बिल घेताना तो आकडाही तपासावा.

जोडी पुढे बसवावी की मागे? पुष्कळांना वाटते की सुकाणू पुढे आहे, म्हणून चांगले टायर पुढे हवेत. कोंडाईबारीच्या ओल्या उतारावर याचे उत्तर उलट मिळते. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि सामान्य चालकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून नवी जोडी मागे. ‘टू एच’वर जोर मागच्या चाकांनाच असल्यामुळे ती पुढच्यांपेक्षा लवकर झिजतात आणि दोन्ही धुऱ्यांतील अंतर हळूहळू मिटत जाते. ते मिटेपर्यंत चालकाने एक पथ्य कसोशीने पाळावे. डांबरावर ‘टू एच’, आणि ‘फोर एच’ फक्त मुरूम, वाळू किंवा चिखल लागल्यावर. चारही चाकांना कायम जोर देणाऱ्या गाडीला हा जोडीचा उपाय पुरेसा नाही. तिच्यासाठी कंपनीच्या पुस्तिकेत फरकाची जी मर्यादा दिली असेल तीच अंतिम मानावी, मग चार टायर घ्यावे लागले तरी हरकत नाही. ट्रान्स्फर केसच्या दुरुस्तीपुढे तो खर्च थोडाच ठरतो.

हा पेच मुळातच टाळायचा असेल तर उपाय टायर फाटण्याच्या फार आधीचा आहे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलाव्यात, आणि या पाळीत स्टेपनीलाही घ्यावे. पाचही टायर एकसारखे झिजत गेले तर ज्या दिवशी एक फाटेल त्या दिवशी त्याच मापाचा सोबती पाठीवर तयार असेल. चारऐवजी पाच टायरवर झीज वाटली गेल्याने प्रत्येकाचे आयुष्यही वाढते. ज्या घरात बाप-लेक एकच गाडी चालवतात, तेथे ही पाळी गाडीतल्या वहीत लिहून ठेवणे बरे. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणते चाक कोठे गेले. रोजकीर्द लिहिणाऱ्या घरांना ही सवय नवी नाही.

एवढी तयारी असली की साक्रीच्या वाटा मोकळ्या मनाने पाहता येतात. पावसाळा सरता सरता पिंपळनेरच्या पुढचे डोंगर हिरवे असतात. सेलबारी चढून पलीकडे उतरले की मांगी आणि तुंगीची जुळी शिखरे समोर येतात. तेथे अखंड पाषाणात कोरलेल्या १०८ फूट उंच ऋषभदेव भगवंतांच्या मूर्तीची प्रतिष्ठा २०१६ साली झाली. दुसऱ्या दिशेने बळसाण्यास जाताना माळावरच्या काळ्या दगडी भिंती आणि त्यांच्या मागे संथ फिरणारी पवनचक्क्यांची पाती बराच वेळ सोबत करतात. भामेरच्या पायथ्याशी गाडी उभी करून वर चढले तर गडाच्या पोटातील लेणी आणि खाली पसरलेला सारा मुलूख दिसतो. या सर्व ठिकाणी वृद्ध आई-वडील आणि लहान मुले बरोबर असतात, आणि गाडी भरलेली असते. भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब किती असावा, हे चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेले असते. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, तो पाहावा. स्टेपनीतली हवाही त्याच वेळी पाहावी.

नवा टायर बसवल्यावर आणखी एक काम उरते. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळलेले असले तरी पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात, कारण नवे बसलेले चाक चालताना किंचित जागा घेते. साक्रीहून पूर्वेस निघालेल्या माणसाला त्यासाठी वेगळी आठवण ठेवण्याची गरज नाही. तेवढ्या अंतरावर धुळे आलेले असते, चहासाठी गाडी थांबणारच असते, आणि पाना तर गाडीतच असतो.